दुपारचं भेव

आमच्या ऑपरेटरभाऊंनी जन्मात एकच पिक्चर काढला, आणि त्या पिक्चरमधला खुनी मी आहे. पुरता मी नाही, फक्त माझा उजवा हात. बाकीचा खुनी म्हणजे भाऊंचा कॅमेरा. खुन्याचं तोंड त्या पिक्चरमध्ये एकदाही दिसत नाही, कारण जे दिसतं ते सगळं खुन्यालाच दिसतं. तुम्ही सतरंजीवर मांडी घालून बसता, मशीन सुरू होतं, आणि तुम्हीच कुऱ्हाड घेऊन चालायला लागता. असले प्रयोग आता मुंबईची शिकलेली पोरं करतात म्हणे. भाऊंनी हा पिक्चर काढला तेव्हा चंद्रपुरात टीव्ही असलेली घरं लोक एकमेकांना बोटानं दाखवायचे.

आम्ही दोघं सरकारी प्रचाराच्या गाडीवर होतो. गावागावांत जायचं, शाळेच्या पटांगणात पडदा बांधायचा आणि लोकांना कामाचे पिक्चर दाखवायचे. कुटुंब लहान ठेवा, जंगलात वणवा लावू नका, आणि पुढे पुढे तो नारूचा, म्हणजे पायातून जंत निघतो त्या रोगाचा, पाणी फडक्यानं गाळून प्या म्हणून सांगणारा. भाऊ मशीन चालवायचे, मी माइकवरून आपल्या बोलीत समजावून सांगायचो. म्हणून ते मला भोंगा म्हणत. वयानं ते माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, तेव्हा चाळिशीच्या आसपासचे. बायको नाही, पोर नाही, चंद्रपुरात मामाच्या घराच्या मागं एक खोली. जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली वेगळी झाली तेव्हा आमच्या कचेरीतली कपाटंसुद्धा वाटली गेली, पण आमची गाडी एकच होती, ती दोन्हीकडे फिरत राहिली.

आता भाऊंच्या एकेक तऱ्हा सांगतो. कुठंही आत शिरायचं झालं, की दहा पावलं लांबूनच ओरडायचे, "मी येऊन राह्यलो जी!" घर असो, कचेरी असो, दवाखाना असो. एकदा साहेबांची मीटिंग चालू असताना व्हरांड्याच्या टोकावरून ही आरोळी आली आणि साहेबांच्या हातातला कप बशीवर आपटला. साहेब म्हणाले, अहो, ही कचेरी आहे, शेत नव्हे. भाऊंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं, समोर कोणी पाठमोरं बसलेलं असलं तर भाऊ ओरडूनही भागवायचे नाहीत. त्या माणसानं वळून पाहीपर्यंत जागचे हलायचे नाहीत. आम्ही पोरासोरांसारखे मुद्दाम पाठ करून बसायचो, आणि हा बाबा उन्हात उभा. आज त्याची लाज वाटते.

दुसरी तऱ्हा पाण्याची. तिच्यावरून मी भाऊंशी वर्षभर धड बोललो नाही.

आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी पाणी देतात. तो कोण, कशाला आला, ते मागाहून. पठाणपुरा दरवाज्याच्या आत आम्ही दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं तेव्हा मी गाडीवरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. आईला त्या घराचं फार अप्रूप. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात निंदण करण्यात गेलेलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली घासून पुसून ठेवलेली भांडी. भाऊ गल्लीच्या तोंडापासून ओरडत आले. आईनं "जयभीम, या जी" म्हटलं आणि लोटा पुढं केला. भाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, "नाई बाई, मी नाई पेत." झालं. खांद्याला लटकवलेली स्वतःची कॅनव्हासची छागल काढली आणि आमच्या ओट्यावर बसून तिच्यातलं पाणी प्यायले.

आईनं लोटा आत नेऊन ठेवला. सगळे गेल्यावर एवढंच म्हणाली, "चांगला मानूस वाटला होता." तिच्या जन्मात तिला हे कितीदा पाहावं लागलं असेल ते तिचं तिलाच माहीत. पण पूर्वी लोकांच्या दारात व्हायचं, आता स्वतःच्या नव्या घरात झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. मी तापट माणूस, आणि त्या वयात तर विचारूच नका. दुसऱ्या दिवसापासून मी भाऊंशी कामापुरतं बोलायला लागलो. "रीळ लावा." "माइक चालू करा." बस्स.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं, की हा माणूस कोणाच्याच घरी पाणी पीत नाही. सरपंचाच्या घरी नाही, डॉक्टरांच्या घरी नाही, मामीच्या हातचंसुद्धा नाही, तिथंही स्वतः उठून माठातून घेणार. एका गावात सरपंच हात जोडून उभे आणि भाऊ छागलीचं बूच काढताहेत. सरपंचाचं तोंड पाहून मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. घरी येऊन मी आईला सांगितलं, की अगं, तो सगळ्यांनाच नाही म्हणतो. ती म्हणाली, "मंग त्याले काई दुखत असन." मला ते सुचलं नव्हतं.

पिक्चर दाखवतानाही भाऊंचं सगळं उलटं. रीळ लावलं, की मशीन ड्रायव्हरच्या हवाली करायचे आणि स्वतः पडद्यामागं जाऊन उकिडवे बसायचे. तिथून पिक्चर उलटा दिसतो. पण भाऊंना पिक्चर पाहायचाच नसायचा. पडद्याच्या कडेनं डोकावून ते लोकांची तोंडं पाहायचे. कोण कशाला दचकतं, कोणती बाई कधी पदर तोंडाला लावते, हे त्यांना सगळं ठाऊक. वणव्याच्या पिक्चरात एक हरीण जळतं. भाऊ म्हणाले, "त्याच्या आंधीच लोकं खाली पाह्यते. आपल्याले समोर काय येऊन राह्यलं थे पयलेच समजते, भोंगा."

चंद्रपुरात तेव्हा व्हिडिओ पार्लरं निघाली होती. एका दुपारी भाऊ मला असल्याच एका ठिकाणी घेऊन गेले. बंद खोली, घामाचा वास, आणि टीव्हीवर कुठल्या तरी इंग्रजी पिक्चरमध्ये एक मुखवटेवाला एकेका पोरीला सुऱ्यानं मारतोय. किंचाळण्यानं कानठळ्या बसल्या. बाहेर आलो तेव्हा डोळे दिपले इतकं ऊन. भाऊ रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "मरनाराचं तोंड सारेच दाखवते. मारनाराले काय दिसते?"

मी म्हटलं, मरणाराच दिसत असेल, दुसरं काय.

"नाई," ते म्हणाले. "थो घरून निघते. रस्त्यानं येते. थेवढ्यात त्याले पुष्कळ काई दिसते. आन रातीचं काय भेव घेऊन बसले हे? भेव दुपारचं असते."

त्यानंतर दोन महिन्यांनी नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी चावीचा कॅमेरा आणला. आमच्या मशीनवर चालेल अशीच त्याची फिल्म. मुंबईचा एक ओळखीचा माणूस उरलेले तुकडे पार्सलनं पाठवायचा, भाऊ ते डालड्याच्या डब्यात ठेवायचे. एकदा चावी दिली की कॅमेरा अर्ध्या मिनिटाच्या आत बंद पडायचा. आवाज नाहीच. आवाज माझा राहणार होता. पिक्चर चालू असताना मी माइकपुढं बसून श्वास घ्यायचा, चालणाऱ्या माणसासारखा. भाऊंनी मला श्वास घ्यायला शिकवला, यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. कचेरीच्या आवारात मला कडुनिंबाभोवती फिरवायचे आणि म्हणायचे, "दमू नको. थो दमला नोता. रोजचाच रस्ता होता." स्वतः आठ दिवस एक डोळा मिटून फिरले, कॅमेऱ्याला एकच डोळा असतो म्हणून. आणि नालीत पडले.

"हा पिच्चर मले माह्या गावात दाखवाचा हाये," ते म्हणायचे. "एक डाव. मंग जाळून टाकला तरी चालते."

त्यांचं गाव चिमूरच्या पलीकडे, जंगलाला लागून. लहानपणीच मामाकडे आल्यापासून ते तिकडं फिरकले नव्हते. मी विचारलं, गावात आहे कोण तुमचं? म्हणाले, कोणी नाही. मग दाखवायचा कोणाला? म्हणाले, साऱ्याइले. त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी असं काही होतं, की मी पुढं विचारलं नाही. पण त्या पिक्चरवर या माणसाचं काहीतरी अडून बसलंय, तो पुरा होऊन त्या गावात लागला नाही तर ते तसंच अडून राहील, एवढं मला कळलं. आमचे खेळ दिवेलागणीनंतर, दिवसभर गाडी उभीच असायची. म्हणून मी त्यांच्याबरोबर रानात जायला लागलो.

शूटिंग आलापल्लीच्या रानात केलं, सागाची पानं गळतात त्या दिवसांत. भाऊ कॅमेरा डोळ्याला लावून चालायचे आणि मी त्यांच्या उजव्या अंगाला चिकटून, माझा हात कॅमेऱ्यापुढं राहील असा. हातात कुऱ्हाड. घड्याळ काढून खिशात. पहिल्या दिवशी मी मूठ घट्ट आवळली, जरा जोर दाखवला. भाऊ वैतागले. म्हणाले, अशी नाही, लोंबू दे. माणूस लाकडं तोडायला रोज जातो तेव्हा कशी धरतो, तशी धर. मी म्हटलं, अहो पण खुनी आहे ना तो? म्हणाले, "घरून निघाला तवा थो खुनी नोता."

एका कुत्र्याचं शूटिंग झालं. ते आधी शेपूट हलवत आलं, मग बाजूला झालं. विहिरीवरच्या बायांचं झालं. त्यांना भाऊंनी एकच गोष्ट सांगितली होती, "आमच्याकडं पाहा, आन मंग खाली पाहा." बाया हसायच्या, तोंडात पदर कोंबायच्या. भाऊ थांबायचे, पुन्हा चावी द्यायचे. शेवटी त्यांना पाहिजे होतं तसं मिळालं. पाच बाया आपल्याकडं पाहतात, हातातली कुऱ्हाड पाहतात आणि एकापाठोपाठ एक घागरीत पाहायला लागतात. पाणी शेंदायचं तेवढं थांबत नाही. तो तुकडा मी पुढं, फिल्म जोडताना, कितीदा तरी पाहिला.

राहिलं होतं शेवटचं घर. त्यासाठी भाऊंनी एक म्हातारी ठरवली होती. तिच्या मोहाच्या झाडाखाली आमची गाडी नेहमी उभी राहायची. एकटीच राहायची, मोहफुलं आणि टेंभुर्णीची पानं वेचून पोट भरायची. घरी गोंडी बोलायची, आमच्याशी मोडकं-तोडकं मराठी. तिला समजावलं, की बाई, हा डबा म्हणजे वाईट माणूस आहे. तो तुझ्या दारात येतो, तुला मारतो. तू त्याला पाहायचं आणि ओरडायचं. ती हसून बरं म्हणाली.

भर दुपार. भाऊंनी चावी दिली, आम्ही दोघं एका माणसासारखे चालत अंगणात आलो. आरोळी न देता भाऊंना कोणाच्या अंगणात शिरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हातारीनं वर पाहिलं, उठली, आत गेली आणि पाण्याचा लोटा घेऊन सरळ डब्यासमोर आली.

भाऊंनी पुन्हा समजावलं. पुन्हा मागं जाऊन चालत आलो. पुन्हा लोटा. मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं, की आजी, पाणी नाही, ओरडायचंय. तिलाही राग आला. म्हणाली, "उन्हातून आला मानूस. पयले पानी. मंग वरडीन."

तिसऱ्या वेळी ती आली, लोटा पुढं केला, आणि माझ्या हातानं काय करावं? कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि लोटा घेतला. मी ठरवून केलं नाही हो. लहानपणापासून आईनं शिकवलेलं, कोणी पाणी दिलं तर हातातलं खाली ठेवून घ्यावं. कॅमेऱ्याची चावी संपली. घरघर थांबली. मी म्हटलं, चुकलो भाऊ, पुन्हा घेऊ.

भाऊ खाली बसले होते. कॅमेरा मांडीवर. तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि आवाज मुळीच नव्हता. म्हातारी मला गोंडीत काहीतरी म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

मग त्यांनी तिथंच, त्या अंगणात, मला सांगितलं. भाऊ सात-आठ वर्षांचे असताना त्यांची धाकटी बहीण तापानं गेली. गावातल्या एका बाईनं करणी केली, असं बोलणं निघालं. बाई शेजारचीच, नवरा नसलेली. गाव बसलं. कोणी काय ठरवलं, कोण काय बोललं, ते भाऊंना माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे वडील कुऱ्हाड घेऊन निघाले आणि पोरगं लाकडं आणायला जायचं समजून मागं निघालं. रस्त्यात विहीर. बायांनी पाहिलं, आणि मग खाली पाहिलं.

"कोनाच्या घरी जाचं त बाप पयले आवाज देये," भाऊ म्हणाले. "त्या दिवशी नाई देल्ला. तिनं पाह्यलं, आन पानी आनलं. बापानं कुऱ्हाड भितीले टेकवली. आत्ता तू टेकवली तशीच. पानी पेला. आन मंग पुन्हा उचलली."

मी हातातला लोटा खाली ठेवला.

"त्याच्या पुढचं मले दिसत नाई, भोंगा. मी खाली पाह्यलो. थेच पाह्यासाठी हा पिच्चर काढून राह्यलो. माह्या बापाले काय दिसलं? पानी देल्यावरबी काय दिसलं?"

वडील पुढं तुरुंगातच वारले. गावातल्या दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. खून एकानं केला आणि पाहिला सगळ्यांनी, असं भाऊ म्हणाले. म्हणून त्यांना तो सगळ्या गावाला, बापाच्या डोळ्यांनी, एकदा दाखवायचा होता.

त्यापुढचं शूटिंग झालं नाही. भाऊंकडे फिल्म होती, माझ्याकडे कुऱ्हाड होती, म्हातारीही ओरडायला तयार झाली होती. पण भाऊंनी चावी दिली नाही. मुंबईहून फिल्म धुऊन आली ती तशीच जोडली. पिक्चर लोट्यावर संपतो. कुऱ्हाड भिंतीला टेकते, माझा हात लोटा धरतो, आणि पडदा पांढरा.

भाऊंच्या गावाचा दौरा लागला तो नारूच्या प्रचाराचा. वरिष्ठांना न विचारता दुसरं काही दाखवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी. ड्रायव्हर कुरकुरला, मी त्याला गप्प केलं. गावात भाऊंना कोणी ओळखलं नाही. चाळिशीचा, टक्कल पडलेला सरकारी माणूस, कोण ओळखणार? संध्याकाळी पडदा बांधला, माणसं जमली, आधी नारूचा पिक्चर झाला. मग भाऊंनी त्यांचं रीळ लावलं. या वेळी पडद्यामागं गेले नाहीत. मशीनजवळच उभे राहिले.

मी माइकवर म्हटलं, "मी घरून निघालो." एवढंच वाक्य भाऊंनी लिहून दिलं होतं. मग श्वास. सागाची पानं, कुत्रं, विहीर. विहिरीवर बाया खाली पाहायला लागल्या तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी होईल, कोणीतरी उठेल, ओरडेल, दगड मारेल. माझा श्वास खराच फुलला. म्हातारी लोटा घेऊन आली, हातानं कुऱ्हाड ठेवली, लोटा घेतला, पडदा पांढरा झाला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं बसलेला एक म्हातारा उठून मला म्हणाला, "पन बुडीनं पानी गाळलं नाई जी. तसंच देल्लं. नारू होईन ना त्याले?" सगळ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, म्हणूनच शेवटी पडदा पांढरा केला, माणूस मेला असं दाखवलंय. लोकांना तो नारूच्याच पिक्चरचा पुढला भाग वाटला होता. सरकारी गाडीतून आला म्हणजे त्यात शिकवण असणारच, आणि ती त्यांनी बरोबर हुडकून काढली होती. त्यातले किती जण तेव्हा करणीच्या त्या बैठकीत असतील, कोणास ठाऊक. हळूहळू सगळे घोंगड्या गोळा करून, पाणी गाळायच्या गोष्टी करत घरी गेले. मला रडावं की हसावं कळेना. भाऊंकडे मान वर करून पाहायचं धाडस झालं नाही.

पटांगणात एक बाई बसून राहिली होती. पन्नाशीची असेल. ती उठून मशीनपाशी आली आणि भाऊंच्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिली. भाऊंच्या वडिलांनी मारलेल्या बाईची ती पोरगी. त्या दिवशी मामाच्या गावी गेलेली, म्हणून वाचलेली. मग याच गावात परत येऊन राहिली. का, ते मी विचारलं नाही.

"तुह्या पिच्चरात एकच लोटा हाये," ती म्हणाली. "मी आलो तवा माह्या मायच्या वट्यावर दोन भांडे होते. एक लोटा. एक लहान गिलास, पितळेचा. लोटा कोनाचा थे सारे सांगे. गिलास कोनाचा थे कोनीच सांगतलं नाई मले. आजवरी नाई."

भाऊंनी मशीनचा स्टँड धरला होता.

"माहा," ते म्हणाले.

"पेला होता का?"

"पेलो."

मला वाटलं, आता ती मारेल, आणि मारलं तर मी मध्ये पडणार नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "बरं झालं. तिच्या दारातून कोनी बिनपान्याचा नाई गेला." आणि निघून गेली.

तो पिक्चर पुन्हा कुठं लावला नाही. जाळलाही नाही. डालड्याच्या डब्यासकट माझ्याकडे दिला, तो अजून माळ्यावर आहे. झाकण उघडलं की आंबट वास येतो, फिल्म वळून चिकटली आहे. कुठल्याच मशीनवर आता चालायची नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी आई गेली. भाऊ पुन्हा घरी कधी येतील ते ती विचारायची, आणि त्यांचं सगळं मी तिला सांगायचं म्हणत होतो, पण तिचं आजारपण, दवाखाने, यात राहून गेलं. हे मला आजही खातं. ती गेली तेव्हा भाऊ सिरोंचाकडे दौऱ्यावर होते. आमच्यात माणूस गेल्यावर जलदान विधी करतात. भंतेजी आले, वंदना झाली, नातेवाईक जेवायला बसले, आणि दुपारी दोनच्या सुमारास गल्लीच्या तोंडाकडून आरोळी ऐकू आली, "मी येऊन राह्यलो जी!" पाहुणे दचकले. मी आतून उठून दारात गेलो. भाऊ उन्हात उभे होते. खांद्याला छागल नव्हती.

आत आले. आईच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले. मग माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, पानी देता का? मोठ्या बाईच्याच लोट्यातलं."

लोटा आणला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानंच, डोळे मिटून, सगळा रिकामा केला. मी एवढा तापट, तेवढ्यातही तोंडून निघून गेलंच, "उशीर केला भाऊ. ती वाट पाहत होती तुमची." ते हो म्हणाले. मग मोरीत जाऊन बसले, राख घेऊन तो लोटा आतून-बाहेरून घासला, धुतला, आपल्या धोतरानं पुसला आणि आईनं ठेवला असता तसा भांड्यांच्या ओळीत नेऊन ठेवला. वट्यावर राहू दिला नाही.